डाग

अकरावा आठवडा.
पहिले दोन मोजलेच नव्हते.
मग कॅलेंडरवर पेन्सिलीनं टिंब द्यायला लागलो,
पगाराच्या तारखेला गोल करतो तसं ठळक नाही,
बारीक, थापाच्या नजरेत येऊ नये इतकं.

रस अल खैमात रात्री दोन वाजताही
क्रशर डोंगर चावत असतो.
खिडकी बंद, एसी चालू, तरी सकाळी
बादलीतल्या पाण्यावर पिठासारखी साय.
क्लिनिकातला मिसरी डॉक्टर म्हणाला, धूळ.
पुढच्या खेपेला म्हणाला, पित्त.
तिसऱ्या खेपेला माझ्याकडे न बघताच म्हणाला, एसी,
आणि द्राक्षाच्या चवीचं तेच औषध लिहून दिलं.
तीन कारणं मिळाली म्हणजे एकही मिळालं नाही,
हे कळायला मला पंच्याहत्तर दिरहम लागले.

उचकी असती तर बरं होतं.
उचकीला आपल्याकडे उत्तर आहे:
कुणीतरी आठवण काढली.
एकेकाचं नाव घेत जायचं,
ज्याच्या नावाला थांबेल, तो.
खोकल्यासाठीही मी नावं घेऊन बघतो,
डोक्यावरून चादर ओढून, ओठांतल्या ओठांत,
ऐकलेलं एकेक दुखणं.
कुठल्याच नावाला तो थांबत नाही.
एका नावाशी मात्र मीच थांबतो,
पहिलं अक्षर जिभेवर ठेवून.

खोलीत आम्ही सहा. कुणी काही बोललेलं नाही.
फक्त कुंजुमोनचा स्टीलचा पेला
फ्रिजवरून त्याच्या कपाटात गेला.
कपाटाला कुलूप आधीपासूनच होतं,
त्यामुळे त्याला काही म्हणताही येत नाही.
मी नळ पूर्ण सोडून खोकतो.
टिश्यू ट्यूबलाइटखाली धरतो.
पांढरा. पांढराच.
घडी उलटून पुन्हा बघतो.

बावीस तारखेला व्हिसाचं मेडिकल.
छातीचा फोटो.
इस्राईल सांगतो, त्याच्या एका गाववाल्याच्या फोटोत
डाग निघाला, जुना, केव्हाचा भरून आलेला,
तरी चौथ्या दिवशी तिकीट हातात.
डाळ ढवळता ढवळता सांगतो,
सांगून झाल्यावर माझ्याकडे बघत नाही.

डाग.
शेवंतीचे दोन डाग मोडून एजंटाचे पैसे भरले.
सामानाचे दोन डाग घेऊन विमानात चढलो,
एकात कुळथाचं पीठ आणि तिचं न बोललेलं.
तेव्हा शब्द साधा होता,
मोजता येत होता, काट्यावर ठेवता येत होता.
सोनाराकडे तिनं पाटल्या काढल्या
तेव्हा मनगटावर गोरा पट्टा राहिला होता,
तो उन्हानं बुजला म्हणते.
आता या शब्दाचा तिसरा अर्थ
माझ्यात असेल किंवा नसेल.

तिच्याशी बोलताना अंगठा म्यूटवर तयार असतो.
मध्येच आवाज का जातो हो?
नेटवर्क.
शुक्रवारी हसत म्हणाली,
तुमचा लेक नवा खेळ खेळतो.
दप्तर उचलतो, दाराबाहेर जातो,
उंबऱ्यात उभा राहून खोकतो,
आणि ओरडतो, बाबा आले!
ती हसली. जरा जास्तच वेळ हसली.
मग म्हणाली, ओवा संपला असेल ना,
सुर्व्यांचा मुलगा येतोय पुढच्या महिन्यात, देते पाठवून.
मी हो म्हणालो.
पुढचा महिना बावीस तारखेच्या पलीकडे आहे
हे दोघांपैकी कुणीच म्हणालं नाही.

आज रात्री परत उठलो. नळ सोडला.
तोंडावर टॉवेल धरला, तेवढ्यात
धार बारीक झाली.
भिंतीपलीकडच्या खोलीत कुणीतरी
आपला नळ पूर्ण सोडला होता.
एकाच पाइपचं पाणी,
दोघांना पुरत नाही.
मी टॉवेल तसाच धरून उभा राहिलो,
आणि पलीकडून, पाण्याच्या आडून,
ऐकू आलं.